दिवाडी बेटावरचा एक रविवार : स्थानिक गाईड नेमण्याचे एक प्रकरण

मांडवी नदीच्या पात्रातील दिवाडी हे बेट जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून समोरच दिसते. तेथे जाण्यासाठी फेरीबोटीत बसावे लागते. जुने गोवे, रायबंदर आणि डिचोली तालुक्यातील नार्वे अशा तीन बाजूंनी फेरीबोटी ये-जा करतात, आणि पायी जाणाऱ्याला त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. बेट इतके जवळ आणि इतके सहज पोहोचण्याजोगे असल्यामुळे तेथे गाईडची गरज काय, असे बहुतेकांना वाटते. या प्रकरणातील सहलीच्या संयोजकालाही प्रथम तसेच वाटले होते. पुढे त्याने एकाशी व्यवहार ठरवला, तो मोडला. दुसरा केला, तो पार पडला, परंतु त्यातही पैशांवरून आणि कबूल केलेल्या एका ठिकाणावरून वाद झाला. त्या वादाची कारणे गाईडच्या वाईटपणात किंवा प्रवाशांच्या हट्टात शोधली तर हाती काही लागत नाही. ती स्थानिक गाईड नेमताना आपण नेमके काय विकत घेतो, याविषयीच्या अर्धवट समजुतीत सापडतात. म्हणून हे प्रकरण तपशिलाने मांडले आहे. संबंधितांची नावे दिलेली नाहीत.

मंडळी कोण होती

कोल्हापूरच्या एका शाळेतील निवृत्त शिक्षक आणि त्यांचे कुटुंबीय असे अकरा जण माघ महिन्यात गोव्यात आले. त्यांपैकी तिघांनी आयुष्यभर इतिहास शिकवला होता आणि कदंब राजवंशाच्या खुणा पाहणे हा त्यांच्या येण्याचा मुख्य हेतू होता. समुद्रकिनारे त्यांनी पूर्वी पाहिले होते. सहलीची जबाबदारी त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने घेतली होती. तो गेली काही वर्षे फोंड्यात बँकेत नोकरीला आहे. गोव्यात राहत असूनही तो दिवाडीला कधी गेलेला नव्हता, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. गोव्यात राहणे आणि एखादे बेट ठाऊक असणे यांत बरेच अंतर असते, परंतु कोल्हापूरकरांच्या दृष्टीने तो ‘गोव्याचाच’ होता आणि त्यामुळे त्याला सर्व माहीत असणार, असे गृहीत धरले गेले.

इतिहासाच्या शिक्षकांना दिवाडीचे आकर्षण असण्याचे कारण सप्तकोटेश्वर. गोव्याचे कदंब राजे स्वतःला ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ म्हणवून घेत. हे बिरुद त्यांच्या नाण्यांवरही आढळते. या दैवताचे मूळ देवालय दिवाडीवर होते. बहमनी आक्रमणात ते उद्ध्वस्त झाले, विजयनगरच्या काळात माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले. त्यानंतर लिंग नदीपलीकडे डिचोलीतील नार्वे येथे नेण्यात आले, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने त्या ठिकाणच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. नार्व्याचे देऊळ या मंडळींनी आदल्याच दिवशी पाहिले होते. आता मूळ जागा पाहायची होती, आणि त्याहूनही अधिक ओढ होती ती पिएदाद गावातील टेकडीवरच्या चर्चशेजारी, दफनभूमीतील छोट्या चॅपेलमध्ये टिकून राहिलेल्या कदंबकालीन कोरीव दगडी छताची.

मागणी साधी नव्हती. अकरा जणांत साठीच्या आतले कोणीच नव्हते, एका बाईंचे गुडघे दुखत होते, दोघांना पक्षी पाहण्याची हौस होती, आणि सर्वांना खारफुटीतून होडीने फिरायचे होते. दिवस रविवारचा धरला होता, कारण संयोजकाला त्याच दिवशी सुट्टी होती.

पहिला व्यवहार

सहलीच्या दोन आठवडे आधी संयोजक जुन्या गोव्याला एका कामासाठी गेला असता धक्क्याजवळ त्याला एक गृहस्थ भेटले. त्यांनी एका दिवसात दिवाडी आणि चोडण ही दोन्ही बेटे, होडी, मगरी, दुपारचे जेवण आणि गाईड असे सगळे मिळून नऊ हजार रुपयांत करून देण्याचे मान्य केले व तीन हजार आगाऊ मागितले. संयोजकाने ते मोबाइलवरून तिथल्या तिथे दिले. एकरकमी भाव ऐकला की हिशेबाची कटकट मिटल्यासारखी वाटते, हे त्याने नंतर स्वतःच सांगितले.

या बोलीतील प्रत्येक कलम थोडे खरवडून पाहिले असते तर संशय यायला हवा होता. दिवाडी आणि चोडण ही शेजारची बेटे असली तरी एकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी रायबंदरला परत येऊन दुसरी फेरीबोट धरण्याचाच मार्ग सोयीचा पडतो. चोडणच्या पश्चिम टोकाला असलेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे आहे, परंतु ते वन खात्याच्या ताब्यात असल्यामुळे तेथे प्रवेशाचे नियम आणि वेळा आहेत. मगरींची गोष्ट तर सर्वांत विचित्र होती. मांडवी आणि झुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत हे खरे; खाऱ्या पाण्याचा संपर्क असलेल्या ठिकाणी गोड्या पाण्यातील मगर टिकून राहिल्याचे ते एक लक्षणीय उदाहरण आहे. परंतु मगर हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे, आणि तो ठरल्या वेळी काठावर येऊन पडेल अशी हमी जो देतो, तो एक तर खोटे बोलत असतो किंवा काहीतरी गैर करून ती हमी पाळणार असतो.

संयोजकाला शंका आली ती वेगळ्याच कारणाने. होडी किती वाजता निघेल, असे त्याने फोनवर विचारले तेव्हा ‘तुम्ही म्हणाल तेव्हा’ असे उत्तर मिळाले. त्याच्या बँकेतील एका सहकाऱ्याची मावशी दिवाडीवर राहते. सहकाऱ्याने हे उत्तर ऐकताच सांगितले की खाडीच्या फाट्यांत होडी माणसाच्या सोयीने चालत नाही, पाण्याच्या सोयीने चालते. मग संयोजकाने पर्यटन खात्याकडील नोंदणीविषयी विचारणा केली. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार गाईडला खात्याकडे नोंदणी करावी लागते. उत्तरादाखल त्या गृहस्थांनी एका मोटारीच्या परवान्याचे छायाचित्र पाठवले. होडीची बंदर कप्तान खात्याकडील नोंदणी आणि लाइफ जॅकेटे यांविषयी विचारल्यावर फोन उचलणे बंद झाले. तीन हजार रुपये गेले. संयोजकाने तक्रार केली नाही, कारण पाहुणे चार दिवसांवर आले होते आणि पर्यायी व्यवस्था करणे त्याला अधिक निकडीचे वाटले. हा निर्णय समजण्यासारखा असला तरी अशा बिनतक्रार तीन-तीन हजारांवरच धक्क्यावरचा हा व्यवसाय चालतो, हेही तितकेच खरे आहे.

दुसरा व्यवहार

सहकाऱ्याच्या मावशीने बेटावरच राहणाऱ्या एका बाईंचे नाव सुचवले. त्या नोंदणीकृत गाईड आहेत, लहानपणी मराठी प्राथमिक शाळेत शिकल्यामुळे चांगले मराठी बोलतात, आणि पर्यटकांचा हंगाम नसतो तेव्हा घरची शेती पाहतात. पहिल्या फोनवर संयोजकाने कार्यक्रम सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी त्याला मध्येच थांबवून तीन गोष्टी विचारल्या : मंडळींत पायऱ्या चढू न शकणारे कोणी आहे का, रविवारच ठरला आहे का, आणि त्या दिवशी एकादशी आहे तर उपवास कोणाकोणाचा आहे.

या तिसऱ्या प्रश्नामागे दोन हेतू होते. पहिला जेवणाचा. दुसरा संयोजकाच्या लक्षात आला नाही. तो बाईंनी उलगडून सांगितला. कोकणपट्टीत भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा असा आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा ढोबळ तास मिळतो. एकादशीची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. नदीत आत यायला पाण्याला थोडा अधिक वेळ लागतो, तेवढा हिशेब वाढवून घ्यायचा. संयोजकाच्या कार्यक्रमात सकाळी देवळांच्या जागा आणि चर्च, तर दुपारी अडीचला होडी होती. त्या वेळी खारफुटीतल्या फाट्यांमध्ये गुडघाभर चिखल उघडा पडलेला असतो. उलट सकाळी मिसा, म्हणजे रविवारची सामूहिक प्रार्थना, चालू असताना चर्चच्या आवारात अकरा जणांचा घोळका नेणे बरे दिसले नसते. बाईंनी सगळा दिवस उलटा केला : सकाळी होडी, मग नारोवा भागातील कोटीतीर्थ नावाची जुनी पुष्करणी, अकराच्या सुमारास टेकडीवरचे चर्च, दुपारी जेवण व विश्रांती, साडेतीनला ओहोटीत खाजन शेतीच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतांच्या, बांधावरून पक्षी, आणि परतताना दफनभूमीतील छत.

मानधन साडेतीन हजार ठरले. होडीची आणि जेवणाची व्यवस्था आपण करू, असे बाईंनी सांगितले. त्या व्यवस्थेचे पैसे साडेतीन हजारांत धरलेले आहेत की वेगळे, हे दोघांपैकी कोणीही उच्चारले नाही. पहिल्या व्यवहाराची एकरकमी बोली संयोजकाच्या डोक्यात होती. बाईंच्या डोक्यात त्यांची नेहमीची पद्धत होती. बोलणे पूर्ण झाल्याच्या समजुतीने दोघांनी फोन ठेवला.

तो दिवस

साडेसातच्या फेरीबोटीने टेम्पो ट्रॅव्हलरसह मंडळी निघाली. बाई स्वतः जुन्या गोव्याच्या बाजूला येऊन उभ्या होत्या, त्यामुळे पहिला अर्धा तास फोनाफोनीत गेला नाही. होडीत चढताना लाइफ जॅकेट घालायला एका सरांनी नकार दिला. आपण पंचगंगेत पोहलेलो आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. होडीवाल्याने इंजिन सुरू केले नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, पोहता येतं ते तुम्हाला. खालच्या चिखलाला ते माहीत नाही.” सरांनी जॅकेट घातले.

होडीची फेरी उत्तम झाली, एवढे सांगणे पुरे. पाणी भरलेले असल्याने कांदळवनाच्या अगदी आत जाता आले. कोटीतीर्थापाशी मात्र पहिला खटका उडाला. देवालय पाडल्यानंतर लिंग विहिरीवर रहाटाच्या खांबासारखे वापरले गेले आणि तेथून ते भक्तांनी रातोरात नदीपार नेले, असे बाईंनी सांगितले. त्यावर इतिहासाच्या एका शिक्षकांनी याला पुरावा काय, असे विचारले. बाईंनी क्षणभर थांबून उत्तर दिले की ही परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट आहे, कागद आपण पाहिलेला नाही. सरांना हे उत्तर कमीपणाचे वाटले. प्रस्तुत लेखकाला ते त्या दिवसातील सर्वांत चांगल्या उत्तरांपैकी एक वाटते. ऐकीव आणि लिखित यांतील सीमारेषा विचारल्याबरोबर दाखवणारा गाईड दुर्मीळ असतो. अर्थात, विचारण्याआधीच ती दाखवली असती तर अधिक बरे झाले असते.

जेवण बाईंच्या ख्रिस्ती शेजारणीकडे होते. सहा जणांसाठी माशाची कढी-भात, एका शाकाहारी जोडप्यासाठी अळसांद्यांची भाजी, आणि उपवासाच्या तिघांसाठी उकडलेली रताळी, केळी व नारळाचे गोड असा बेत घरमालकिणीने केला होता. उपवासाला काय चालते याची यादी तिने आदल्या संध्याकाळी बाईंकडून लिहून घेतली होती. साबुदाण्याची खिचडी मिळाली नाही म्हणून एका बाईंनी किंचित नाक मुरडले, पण रताळी संपली.

गुडघे दुखणाऱ्या बाई टेकडीवरच्या चर्चपर्यंत गाडीतून पोहोचल्या होत्या, मात्र बांधावरून चालणे त्यांना शक्य नव्हते. त्यांना जेवणाच्याच घरी बाल्कांवात (ओसरीवर) बसवायचे, असे गाईडबाईंनी आधीच ठरवून ठेवले होते. त्या आणि घरमालकीण यांनी दुपारभर एकमेकींची भाषा अर्धीमुर्धी समजून घेत गप्पा मारल्या. सहलीतील त्यांचा सर्वांत आवडता वेळ तोच होता, असे त्यांनी नंतर कळवले.

दुपारी पावणेदोनला बातमी आली की गावातील एक वृद्ध गृहस्थ आदल्या रात्री वारले असून त्यांचे दफन चार वाजता आहे. गाईडबाईंनी ताबडतोब संयोजकाला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. आज दफनभूमीत जाता येणार नाही. आणि दुसरे म्हणजे, त्या घराशी आपल्या घराचे दोन पिढ्यांचे संबंध असल्याने आपल्याला स्वतःला तेथे गेले पाहिजे. म्हणून साडेतीनपासून त्यांचा कॉलेजात शिकणारा पुतण्या मंडळींबरोबर राहील.

इतिहासाचे शिक्षक संतापले, आणि त्यांचा संताप निराधार नव्हता. ज्या एका वस्तूसाठी ते कोल्हापूरहून आले होते, नेमकी तीच दिसणार नव्हती. आपण दफन होईपर्यंत बाहेर थांबू, मग पाच मिनिटांत पाहून निघू, असे त्यांनी सुचवले. बाईंनी त्यालाही नकार दिला. लोक घरी परतत असताना बाहेरगावची मंडळी कॅमेरे घेऊन आत शिरली, हे गावात वर्षभर बोलले जाईल, आणि ते बोलणे मला ऐकावे लागेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

बांधावरची दुपार पुतण्याने सांभाळली. त्याला सप्तकोटेश्वराविषयी फारसे सांगता आले नाही, परंतु मानशीविषयी त्याने जे सांगितले ते त्या दिवसाचे खरे धन ठरले. खाजन जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. नदीचे खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी बांध, आणि शेतातले पाणी बाहेर जाण्यासाठी बांधात बसवलेली दारे म्हणजे मानस. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने लाकडी दारे मिटतात; ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात. एरवी कोणा माणसाला ती उघडावी-मिटावी लागत नाहीत. दाराच्या आतल्या बाजूला साचणाऱ्या पाण्यातील मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो, आणि त्या हक्काला पिकाची मर्यादा असते, कारण मासळीच्या लोभाने खारे पाणी जास्त आत घेतले तर खारेपणा सोसणारे कोरगुट भातसुद्धा पुढच्या पावसाळ्यात नीट येत नाही. बांध कोणी दुरुस्त करायचा यावर पूर्वी गावकारीचा, म्हणजे गावच्या सामुदायिक जमीन-व्यवस्थेचा, अंकुश होता. आज जमीन कसणारे कमी झाले आणि बांध फुटू लागले, हे पुतण्याने एका खचलेल्या जागेकडे बोट दाखवून सांगितले. ओहोटी असल्यामुळे मानशीतून पाणी जोराने बाहेर पडत होते, बाहेरच्या चिखलावर निवट्या ही छोटी मासळी उड्या मारत होती, आणि शेकाट्या, तुतवार, चिखल्या असे पक्षी हाताच्या अंतरावर म्हणावेत इतके जवळ दिसत होते. सकाळी याच ठिकाणी नुसते पाणी दिसले असते. मुलगा फार भरभर चालत होता आणि मागे राहिलेल्या दोघांना त्याने एकदाही वळून पाहिले नाही, हा दोषही नोंदवला पाहिजे.

पैशांचा प्रश्न

परतीच्या धक्क्यावर बाई दफनाहून आल्या आणि हिशेब निघाला. होडीचे माणशी तीनशे प्रमाणे तीन हजार तीनशे, जेवणाचे माणशी साडेतीनशे प्रमाणे तीन हजार आठशे पन्नास, आणि मानधन साडेतीन हजार. एकूण दहा हजार सहाशे पन्नास. संयोजकाची समजूत होती की होडी मानधनातच आहे. शिवाय बाई शेवटचे दोन तास हजर नव्हत्या आणि छत दाखवले गेले नव्हते. त्याने पाच हजार कमी करण्याची भाषा केली. फेरीबोट लागत होती, वाहने चढत होती, आणि अशा जागी कोणताही हिशेब समंजसपणे होत नाही.

बाईंनी होडी आणि जेवण यांवर चर्चा करण्यास नकार दिला, कारण ते पैसे त्यांचे नव्हते. होडीवाला आणि शेजारीण यांना ते त्याच संध्याकाळी द्यायचे होते. स्वतःच्या मानधनातून मात्र त्यांनी हजार रुपये आपणहून कमी केले आणि पुतण्यासाठी वेगळे काही मागितले नाही. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मध्यस्थी केली आणि नऊ हजार सहाशे पन्नास रुपये चुकते झाले. मजेची बाब अशी की पहिल्या गृहस्थांना बुडालेले तीन हजार यात मिळवले तर खर्च साडेबारा हजारांच्या वर जातो, पण धक्क्यावर घासाघीस झाली ती ज्यांनी काम केले त्यांच्याशी.

विचार करण्याजोगे मुद्दे

होडीच्या पैशांविषयीची चूक सरळ आहे आणि ती टाळणेही सोपे आहे. फोन झाल्यावर दोन ओळींचा संदेश पाठवून मानधन किती, त्यात काय धरले आहे, त्याबाहेर कोणाला किती द्यायचे, एवढे लिहून घेतले असते तर धक्क्यावरचा प्रसंग घडला नसता. हा संदेश पाठवण्याची जबाबदारी व्यवसाय करणाऱ्यावर, म्हणजे गाईडवर अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रवासी रोज गाईड नेमत नसतो.

छताचा प्रश्न इतका सरळ नाही, आणि या प्रकरणाचा गाभा तोच आहे. त्या बाईंमुळे मंडळींना जे मिळाले त्याची यादी केली तर त्यातील बहुतेक गोष्टी माहितीच्या नाहीत. होडीवाल्याने खाडीत आत नेले ते त्याचा बाईंवर विश्वास होता म्हणून. शेजारणीने उपवासाची रताळी उकडली ती शेजारधर्म म्हणून. खाजनाच्या बांधावरून अकरा परकी माणसे चालली तरी कोणी हटकले नाही, कारण कोणाचा पुतण्या पुढे चालतो आहे हे शेतातल्या माणसांना दिसत होते. बाई गावच्या होत्या म्हणून हे सगळे झाले. आणि बाई गावच्या होत्या म्हणूनच चार वाजता त्यांना दफनाला जावे लागले व दफनभूमीचे फाटक प्रवाशांसाठी मिटले. ज्या नात्यांच्या आधारे दारे उघडतात, त्या नात्यांचा पहिला हक्क गाईडच्या वेळेवर असतो. पणजीहून नेमलेला एखादा जाणकार गाईड साडेतीनला निघून गेला नसता. पण त्याला एकादशीचा उपवास शेजारणीच्या चुलीपर्यंत पोहोचवता आला नसता. दोन्ही प्रकारची सेवा विकत मिळते. मंडळींनी एक विकत घेतली आणि दुसरीची अपेक्षा ठेवली.

याचा अर्थ बाईंची सर्व वागणूक योग्य होती असा नाही. जी वस्तू पाहणे हा गटाचा मुख्य हेतू आहे ती दिवसाच्या शेवटी ठेवू नये, हा कार्यक्रम आखण्याचा साधा नियम त्यांनी मोडला. अकरा वाजता मंडळी चर्चपाशीच होती. दफनाची बातमी तेव्हा आलेली नव्हती आणि मिसा आटोपली होती. किल्ली ज्यांच्याकडे असते ते दुपारनंतर मोकळे असतात, असे कारण बाईंनी नंतर दिले. हे कारण खरे असले तरी ते आधी सांगितले गेले असते तर शिक्षकांनी कदाचित दिवसच बदलला असता. दफनभूमी ही चालती जागा आहे, बंद पडलेले स्मारक नव्हे. ती केव्हाही त्या कुटुंबांना लागू शकते, ही शक्यता व्यवहार ठरतानाच बोलून दाखवायला हवी होती. बदली माणूस देण्याबाबतही तेच. पुतण्या आयत्या वेळी उभा राहिला म्हणून निभावले, परंतु वृद्धांच्या गटाबरोबर कसे चालायचे हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

गटाच्या बाजूने पाहता रविवारचा आग्रह महागात पडला. संयोजकाची सुट्टी हे दिवस निवडण्याचे एकमेव कारण होते. तिथी, भरती आणि चर्चची वेळ या तिन्ही गोष्टी गाईडनेच जुळवून घेतल्या. गटाने त्यांतील एकीचाही विचार केला नव्हता. गाईड आधी ठरवून त्याच्याकडून दिवस मागून घ्यावा, हा क्रम अशा ठिकाणी अधिक उपयोगाचा ठरतो. संयोजकाने एक दिवस रजा काढली असती तर बहुधा छतही दिसले असते.

पुढे काय झाले

त्याच शाळेच्या माजी शिक्षकांची दुसरी तुकडी पुढील हिवाळ्यात येणार आहे आणि त्यांनी त्याच बाईंना नेमले आहे. या वेळी एक पानाचा करार झाला. त्यात होडी व जेवण यांचे पैसे वेगळे दाखवले आहेत, बाईंना जावे लागल्यास कोण येईल आणि मानधन किती कमी होईल हे लिहिले आहे, आणि दिवस बाईंनी निवडला आहे : अमावस्येच्या दिवशी येणारा गुरुवार, म्हणजे होडी साडेअकरा-बाराच्या सुमारास निघेल आणि सकाळ टेकडीवर घालवता येईल. दफनभूमीतील छत पाहणे कार्यक्रमात पहिले ठेवले आहे. ते दाखवण्याची हमी द्यावी, असे कलम गटाने घातले होते. बाईंनी ते खोडून त्या जागी ‘त्या दिवशी गावात दफन नसल्यास व चर्चची परवानगी मिळाल्यास’ असे लिहून कागद परत पाठवला, आणि शिक्षकांनी त्यावर सही केली.